दोन मंगळवार

१

"या खेपेच्या वहीची एक प्रत तुझ्याकडे काढून ठेव, पोरी. आजच."

काकांनी हे मला लिफ्टपाशी सांगितलं, तेव्हा माझ्या कानाला फोन होता. पाळणाघरातून सांगत होते की चिंगीचं अंग गरम लागतंय. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"हो हो काका, उद्या नक्की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पिशवीत एक जाड पाकीट कोंबलं. "आणि हे कंडक्टरीणबाईंना. तिकिटं आणलीत म्हणावं, खरीखुरी."

माझी लेक साडेतीन वर्षांची. त्या महिन्यात तिला बसची कंडक्टर व्हायचं होतं. मी 'थँक्यू' म्हटलं की नाही, आठवत नाही. लिफ्टचं दार मिटताना काका एक बोट वर करून पुन्हा म्हणाले, "आजच हं."

मी उद्यावर ढकललं. आणि उद्या सकाळी वही नव्हती.

आमच्या केंद्राचं काम वेळ राखण्याचं. तळघरात एका गार खोलीत अणुघड्याळं आहेत. आमच्यापासून पूर्वेला, जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून, असंच दुसरं केंद्र आहे. दोन्हीकडची घड्याळं एका तालात चालावी लागतात, कारण विमानं, जहाजं आणि तुमच्या फोनमधला नकाशा त्यांच्यावर विसंबून असतात. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे एक नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाश एका फूटपट्टीइतकं अंतर जातो. चूक शंभर-दीडशे नॅनोसेकंदांची झाली, तर विमानाची जागा चाळीसेक मीटर सरकते. धावपट्टीवरून शेतात.

रोजचा मेळ उपग्रहावरून घालतात. पण उपग्रहाचा मेळ बरोबर आहे ना, हे बघायला वर्षातून एकदा एक घड्याळ सीलबंद पेटीतून हाताने नेतात, तिकडच्या घड्याळाशी ताडतात आणि परत आणतात. पेटीबरोबर कायम दोन माणसं, पेटीपासून दोघांनी एकदम हलायचं नाही, असा नियम. गेली सव्वीस वर्षं त्यातलं एक माणूस म्हणजे काका. अख्खं केंद्र त्यांना घड्याळकाका म्हणतं. निवृत्तीनंतरही या एका कामासाठी त्यांना बोलावतात, कारण पेटी कडेवर घ्यावी तशी ते घेतात.

यंदा त्यांच्याबरोबर गेले होते आमचे उपप्रमुख. बोलणं इतकं गोड की आम्ही मागून त्यांना साखरसाहेब म्हणतो. बुधवारी संध्याकाळी दोघं परतले. गुरुवारी काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं. शुक्रवारी सकाळी पेटीतलं घड्याळ तळघरातल्या घड्याळाशी ताडलं.

पेटी एकशे सेहेचाळीस नॅनोसेकंद मागे होती. वीसपर्यंत चालतं. सील शाबूत. आणि तासातासाची नोंद असलेली प्रवासाची वही कपाटातून गायब.

दुपारपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं. पेटी कोणी सांभाळली? काकांनी. वही कोणी लिहिली? काकांनी. झालं तर.

२

चौकशी प्रमुख मॅडमच्या खोलीत झाली. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर साखरसाहेब बसणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. मला टिपणं घ्यायला बसवलं होतं.

"काका, वाटेत पेटीची वीज कुठे तुटली का? आपटली का? रागावणार नाही कोणी," मॅडम म्हणाल्या.

"नाही तुटली. आपटलीही नाही. ती मागे पडणारच, मॅडम. आपण यंदा परत फिरून आलोच नाही. पुढून आलो."

"पुढून म्हणजे?"

"म्हणजे पूर्वेला गेलो आणि पूर्वेलाच जात राहिलो. अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून घरी."

साखरसाहेबांनी मान खाली घातली. एखाद्या घरच्या माणसाची लाज झाकावी तशी. "काका," ते हळूच म्हणाले, "आपण गेलो त्याच वाटेने आलो. बिलाला तिकिटांची प्रत जोडली आहे मी. मॅडम, पेटीतला नोंदकही बघा. जाताना दोन उड्डाणं, येताना दोन. येतानाच्या दोहोंमध्ये नऊ तासांचा थांबा. अगदी ठरल्याप्रमाणे."

पेटीत हवेचा दाब टिपणारं एक यंत्र असतं. त्यावरून उड्डाणं कळतात, उंची कळते. मॅडमनी कागद पाहिला. दोन आणि दोन.

"वहीत लिहिलंय मी सगळं," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"वही कुठे आहे, काका?"

काकांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, ज्याने त्यांचा घात केला.

"अहो, मला मंगळवार दोनदा आला! एक मंगळवार संपवून झोपलो, उठलो तर पुन्हा मंगळवार. हे मी खोटं कशाला सांगेन?"

आधी कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मग हसू फुटलं. क्रूर नव्हतं ते, आजोबांच्या गमतीला हसतात तसं होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट. साखरसाहेब हसले नाहीत. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "सव्वीस वर्षं दमवलं आम्ही तुम्हाला. आता विश्रांती घ्या."

मी हसले का? हो. ओठांच्या कोपऱ्यातून का होईना, हसले. काकांनी नेमकं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं.

टिपणात शेवटची ओळ मीच लिहिली: वयोमानानुसार स्मरणशक्तीचा प्रश्न. पेटीची खेप रद्द. काकांचं ओळखपत्र जमा करून घ्यावे.

३

ओळखपत्र आणायला मलाच पाठवलं. रविवार होता, चिंगी कडेवर होती, ताप उतरला होता पण माझा हात सारखा तिच्या कपाळाकडे जात होता.

दार काकांच्या सूनबाईंनी उघडलं. मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनी वाईट नाहीत. दमलेल्या आहेत.

"बरं झालं आलात. आम्हालाही शंका होतीच हो," त्या कुजबुजल्या आणि टेबलावरची गोळ्यांची डबी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. सात खण, सात वार. "नऊ दिवसांच्या मोजून गोळ्या दिल्या होत्या. वर दोन जास्तीच्या. आले तेव्हा एकच उरली, म्हणजे एक गोळी कमी. विचारलं, तर म्हणे मंगळवारची दोनदा घेतली. रक्तदाबाची गोळी दोनदा! परवा डॉक्टरकडे नेतोय. आता एकट्याने बाहेर सोडणार नाही. स्वयंपाकघरात गॅस आहे, काही झालं म्हणजे?"

किल्ल्यांचा जुडगा त्यांनी स्वतःच्या कमरेला लावला होता. काकांच्या घराच्या किल्ल्या.

काका खिडकीपाशी बसले होते. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख-वार दाखवणारं कॅलेंडर टांगलेलं. त्यांच्या मुलाने कालच आणलेलं.

"घे," त्यांनी ओळखपत्र काढून दिलं. चिंगी त्यांच्या मांडीवर चढली, त्यांनी तिला सवयीने सावरलं. "पोरी, एक विचारू? तू शिकलेली आहेस. माणूस विसरायला लागला, तर त्याला ते कळतं का?"

"काका, असं काय..."

"नाही म्हणजे, मला लख्ख आठवतं. थांब्यावर नऊ तास मी पेटीपाशी एकटा बसलो होतो. साहेब बाहेर गेले होते. लघवीलासुद्धा उठलो नाही मी. समोर एक बाई फरशी पुसत होती, तिची बादली निळी होती. पण सगळे म्हणतात असं झालंच नाही. मग ती बादली कुठून आली माझ्या डोक्यात?"

त्यांनी चिंगीला मांडीवर जरा वर ओढून घेतलं.

"साहेब म्हणाले होते, परतीचं पान फाडा. मी म्हटलं, वहीचं पान फाडत नसतात. का तेही मी स्वप्नातच म्हटलं?"

मी घरी येताना रस्ताभर दातओठ खात होते. आधी वहिनींवर. मग साहेबांवर. मग लिफ्टपाशी फोन कानाला लावून उभ्या असलेल्या त्या बाईवर, जिला एक प्रत काढायला दोन मिनिटं नव्हती.

आणि मग, वळणावरच्या बागेपाशी, मी थबकले. गोळी. एक गोळी कमी. विसराळू माणसाच्या गोळ्या उरतात. आणि चुकून दुसऱ्यांदा घेणाऱ्याला आपण ती दोनदा घेतली हे ठाऊक नसतं.

४

कपाटाची किल्ली असते भांडार सांभाळणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे कुलूपताई म्हणतात. टाचणीसुद्धा सहीशिवाय देत नाहीत.

"माझ्यावर संशय घ्यायला आलीस काय गं?" सोमवारी मी दारात दिसताच त्या कडाडल्या. "तीस वर्षांत एक कागद हरवला नाही माझ्याकडून!"

"तुमच्यावर नाही, ताई. गुरुवारी किल्ली कोणाला दिली, एवढंच."

"कोणाला म्हणजे? काकांनी चार वाजता वही ठेवली, माझ्या समोर. मग साडेपाचला साखरसाहेब आले. प्रवासाचं बिल लावायचंय म्हणाले. साहेबाला काय सही मागू?"

"टाचणीला मागता."

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिथून मी चष्मिसकडे गेले. पेटीचा हिशोब करणारा प्रोग्राम त्याचा. हुशार आहे, पण स्क्रीनबाहेरचं जग त्याला अंधुक दिसतं.

"तुझ्या हिशोबात चूक असेल तर?"

"माझ्या? हट्!" त्याने खुर्ची गरकन फिरवली. "उंचीवर घड्याळ किंचित जलद चालतं, वेगामुळे किंचित हळू. दोन्ही मी नोंदकावरून काढून टाकतो. उरलेले एकशे सेहेचाळीस माझे नाहीत."

"आणि दिशा?"

"दिशेचा रकाना शून्य. कायमच शून्य."

"का?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "कॉलेजात झोपली होतीस का? पृथ्वी पूर्वेकडे फिरते. पूर्वेला जाणारं विमान तिच्या फिरण्यात आपली धाव मिळवतं. जास्त धावणारं घड्याळ मागे पडतं. पश्चिमेला जाणारं त्या फिरण्यातून आपली धाव वजा करतं, ते पुढे जातं. आपण पूर्वेला जातो आणि त्याच वाटेने पश्चिमेला परत येतो. जाताना हरवलेलं येताना भरून निघतं. म्हणून तर नियम आहे ना, गेल्या वाटेनेच यायचं. दिशा भरायची गरजच नाही."

"आणि परत न फिरता पुढेच गेलं तर?"

"तर भरून निघणार नाही. पुन्हा तेवढंच हर..." त्याचं तोंड उघडं राहिलं. "पण तिकिटं?"

मी उत्तर न देता पलीकडच्या केंद्राला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञ बाई आणि मी वर्षभर आकडे एकमेकींना पाठवतो. तिच्याही घरी लहान मुलगा आहे, त्यामुळे आकड्यांच्या खाली दातांच्या आणि तापाच्या बातम्या असतात. तिच्याकडे ताडणीची प्रत होतीच.

"तुमची पेटी इथे पोहोचली तेव्हा? थांब, वाचते. अपेक्षेपेक्षा एकाहत्तर नॅनोसेकंद मागे. का गं, काय झालं?"

जाताना एकाहत्तर. घरी येईपर्यंत एकशे सेहेचाळीस. म्हणजे येताना आणखी पंचाहत्तर मागे. भरून निघायला हवं होतं, ते दुप्पट झालं होतं.

पेटी आपटली असती, वीज तुटली असती, तर आकडा काहीही आला असता. पण पेटीने जाताना आणि येताना जवळपास सारखंच गमावलं होतं. जे फक्त एका प्रकारे होतं. माणसाला सगळे खोटं पाडत होते, आणि घड्याळ काकांसारखंच बोलत होतं.

"ऐक," फोनवरून ती म्हणाली, "तुमचे ते म्हातारे गृहस्थ बरे आहेत ना? मंगळवारी निघताना त्यांचं साहेबांशी काहीतरी वाजलं होतं."

५

मी धावत मॅडमकडे गेले. साखरसाहेब तिथेच चहा पीत होते. मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. सगळं ओकून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ, आकडा पाहून माझ्याही मनात हेच आलं होतं पहिल्या दिवशी. पण तिकिटांची प्रत जोडलेली आहे. काकांचा पासपोर्टही मी पाहिला, वाटेतल्या कुठल्या वेगळ्या देशाचा शिक्का नाही. आकडा बोलतो गं, पण आकड्याला साक्षीला कसं उभं करू? तिकडे पोहोचण्याआधीच घड्याळ हळू चालू लागलं असेल, असंही म्हणता येईल."

मनात आलं होतं! म्हणजे त्या बाईंच्या मनात आलं होतं, आणि तरीही त्या मला 'स्मरणशक्तीचा प्रश्न' लिहू देत होत्या.

साखरसाहेब माझ्यामागोमाग बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं.

"तुझं मूल लहान आहे ना अजून?" त्यांनी मायेने विचारलं. "ताप होता म्हणे. झोप होत नसेल. या दिवसांत बाईमाणसाचं डोकं जरा भलतीकडे धावतं, साध्या गोष्टींत काही काही दिसतं. माझ्या मिसेसचंही झालं होतं. हवी तर महिनाभर रजा घे. मी सही करतो."

मी जागच्या जागी थिजले. भीतीने नव्हे. मला तेव्हा कळलं की ही त्यांची जुनी हातोटी आहे. समोरच्याला खोटारडा म्हणायचं नाही. त्याची काळजी करायची. इतकी काळजी, की त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडावा.

आणि खरं सांगते, क्षणभर माझाही उडाला. तीन रात्री मी धड झोपले नव्हते. एकाहत्तर ऐकलं होतं ना मी? का सतरा?

६

घरी आले तर बैठकीत बस भरली होती. चार उशा, एक अस्वल, आणि सर्वांत मागे माझा नवरा, गुडघे पोटाशी घेऊन.

"तिकीट, तिकीट!" चिंगी ओरडत होती. गळ्यात माझी जुनी पर्स. "अस्वल, सुट्टे द्या!"

"बाईसाहेब, मला कुठलं तिकीट?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला नाही. हे घड्याळबाप्पाचं आहे. काकाआजोबांनी सांगितलं. घड्याळबाप्पा खिडकीत बसतो."

मी चपला काढत होते. एक पायात, एक हातात, तशीच राहिले.

पेटीला स्वतःची सीट असते. सामानात टाकता येत नाही म्हणून दोन माणसांबरोबर खिडकीची तिसरी जागा घेतात, पट्टा बांधतात. आणि जागा घ्यायची तर तिकीट लागतं. तिकिटाला प्रवासी लागतो. तेव्हा आमच्या केंद्राच्या जुन्या रिवाजाप्रमाणे प्रवाशाच्या नावाच्या जागी छापलेलं असतं: घड्याळ, श्री.

साहेबांनी बिलासाठी स्वतःचे आणि काकांचे बोर्डिंग पास मागून घेतले होते. श्रीयुत घड्याळांचे घ्यायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. कोण लक्षात ठेवतो सामानाचं तिकीट? काकांनीही पुरावा म्हणून ते दिलेच नव्हते. एका पोरीला कंडक्टर व्हायचं होतं, म्हणून दिले होते.

"चिंगे, मला दाखव गं."

"आधी सुट्टे!"

मी पर्स उपडी करून तिला सगळी नाणी दिली. चार जाड तुकडे. पहिले दोन जातानाचे. तिसऱ्यावर पलीकडच्या केंद्राच्या गावाचं नाव, मंगळवार, सुटण्याची वेळ संध्याकाळी पाच. चौथ्यावर भलत्याच, महासागरापलीकडच्या एका शहराचं नाव. आणि तिथेही मंगळवार. तारीख तीच. सुटण्याची वेळ संध्याकाळी पाच.

एकच प्रवासी, एकाच मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला, दोन वेगवेगळ्या खंडांतून उडाला होता.

नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. "छपाईची चूक असेल."

"नाही," मी म्हटलं. आणि मग मला हसू आलं, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे संताप आला. "महासागराच्या मध्यावर एक रेघ आहे. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की कॅलेंडर एक दिवस मागे घ्यायचं. मंगळवारी संध्याकाळी उडालेलं विमान उतरलं तेव्हा तिथे मंगळवार सकाळ होती. त्यांनी तिथे नऊ तास काढले. पाच वाजता पुन्हा उडाले. काकांना मंगळवार दोनदा आला, कारण मंगळवार दोनदा आला!"

दोन मंगळवार, दोन गोळ्या. नऊ दिवसांच्या खेपेत दहा वेळा दिवस उजाडला, म्हणून डबीत एक गोळी कमी. त्या माणसाने एकही गोष्ट चुकीची सांगितली नव्हती. एकही नाही. आम्ही त्याला हसलो, कारण तो बरोबर होता.

७

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या टेबलावर चार तिकिटं मांडली. एकावर जॅमचा डाग होता. साखरसाहेबांनी ती उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली.

"कोणीही छापून आणेल अशी."

"विमान कंपनीकडे नंबर ताडता येईल," मॅडम म्हणाल्या.

"त्याआधी एक सोपं आहे," मी म्हटलं. "काकांच्या पासपोर्टवर शिक्का नाही, कारण ते विमानतळाच्या आतच बसून होते. पेटी सोडायची नाही, हा नियम त्यांनी पाळला. नऊ तास ते जागचे उठले नाहीत. साहेब, तुम्ही मात्र बाहेर गेला होतात. तुमचा पासपोर्ट दाखवता?"

साखरसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते साधंच आहे, दिवसाला दोन सेकंद चुकतं.

"माझी मुलगी राहते तिथे," साखरसाहेब म्हणाले. आवाजातली साखर विरघळून गेली होती. "तीन वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. सहा तास भेटली. तेवढ्यासाठी वाट बदलली. एवढाच गुन्हा."

मॅडमचा चेहरा मऊ पडला. माझा नाही.

"मुलीला भेटायचं होतं तर सांगायचं होतं!" मी ओरडले. मला ओरडायचा अधिकार नव्हता, पण मी ओरडले. "दिशेच्या रकान्यात एक आकडा भरला असता, काम झालं असतं. फार तर नियम मोडल्याची एक ओळ तुमच्या फाइलमध्ये आली असती. तुम्हाला ती ओळ नको होती, या महिन्यात तर नकोच होती. म्हणून तुम्ही वही पळवलीत, बिलाला वाट बदलण्याआधीची जुनी तिकिटं चिकटवलीत आणि एका माणसाच्या डोक्यातला मंगळवार पुसलात. तुमची मुलगी तुम्हाला मिळाली. त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्यात!"

वही त्यांच्या गाडीच्या डिकीत सापडली. फाडायचं धाडस झालं नव्हतं, की सव्वीस वर्षांचं ते सुरेख अक्षर फाडवलं नव्हतं, कोण जाणे. परतीच्या पानावर काकांनी लिहिलं होतं: 'मंगळवार. आज पुन्हा मंगळवार. पेटी ठीक.'

चष्मिसने दिशेच्या रकान्यात पूर्ण वळसा भरला. एकशे सेहेचाळीसचे उरले तीन. पेटी सव्वीस वर्षांतल्या सगळ्यात उत्तम खेपांपैकी एक करून आली होती. साखरसाहेबांना मॅडमची खुर्ची मिळाली नाही. मॅडमनी काकांना पत्र लिहिलं, त्यात 'गैरसमज' असा शब्द होता. मी तो खोडून 'अन्याय' लिहायला लावला, आणि माझं टिपण माझ्या हातांनी फाडलं.

ते पत्र, ती वही आणि चार तिकिटं घेऊन मी काकांकडे गेले. वाटलं होतं, ते उसळून उठतील. त्यांनी सगळं नीट वाचलं. चौथ्या तिकिटावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे बादली खरंच निळी होती," ते म्हणाले.

"हो काका."

वहिनींनी मुकाट्याने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. काकांनी तो घेतला नाही. "राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. "कधी खरंच विसरलो तर."

तेवढं मात्र मला कुठल्याही हिशोबाने भरून काढता आलेलं नाही. आकडा तीनवर आला, माणूस आला नाही. आजही रोज सकाळी आठ वाजता काकांचा फोन येतो. चिंगीची चौकशी करतात, हवापाण्याचं बोलतात, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतात, "आज वार कोणता गं?" त्यांना वार माहीत असतो. समोर एवढं मोठं कॅलेंडर आहे. त्यांना फक्त कोणीतरी 'बरोबर' म्हणायला हवं असतं. मी डबा भरता भरता, एका हाताने वेणी घालता घालता, दर वेळी म्हणते, "बरोबर, काका." उद्यावर ढकलत नाही.

हे मी लिहिलं ते साहेबांना शिव्या घालायला नाही. त्या मी तोंडावर घातल्या आहेत. तुमच्याही घरात, मजल्यावर, जुन्या ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळे म्हणत असतील, त्यांचं आता काही खरं नाही, काहीतरीच सांगतात. आज त्यांच्याकडे जा. फोन नको, जा. ते काय सांगतात ते शेवटपर्यंत ऐका, आणि हसण्याआधी एकदा, फक्त एकदा, तपासून बघा.